महार वतन म्हणजे काय? आणि आमदार झाल्यावर बाबासाहेब त्याच्या मागे का लागले?

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर जमिनीचा व्यवहार गाजला. किंमत किती लावली, मुद्रांक शुल्क किती भरलं, सह्या कोणाच्या, यावर चॅनेलांवर बरेच दिवस आरडाओरडा झाला. त्या गदारोळात एक शब्द सारखा कानावर पडत होता: ‘महार वतनाची जमीन’. ही जमीन अशी सरळ विकता येत नाही, एवढं सगळे सांगत होते. का विकता येत नाही, हे मात्र कोणी नीट सांगितलं नाही. शहरात वाढलेल्या बऱ्याच जणांना तर वतन म्हणजे जहागिरीसारखं काहीतरी भारी प्रकरण असावं असंच वाटलं.

उत्तर शोधायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं आणि वाटेत एक आमदार भेटतात. डॉ. भीमराव आंबेडकर. घटना समितीत जाण्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी, १९२७ मध्ये, ते मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलचे सभासद झाले आणि १९३७ मध्ये निवडून येऊन विधानसभेत गेले. आपल्या चौकाचौकांतल्या पुतळ्यांच्या हातात घटना असते. त्यामुळे त्याच हातांनी आधी मांडलेली विधेयकं कोणाच्या लक्षात राहिली नाहीत.

वतन म्हणजे पगाराऐवजी जमीन

जुन्या गावगाड्यात रोख पगार क्वचितच असे. कारभाराला पाटील लागे, हिशेबाला कुलकर्णी लागे, आणि राखण, निरोप, हद्द, खजिना यांसाठी महार लागे. या कामांच्या बदल्यात पिढीजात जमीन आणि काही हक्क दिले जात. काम आणि त्यापोटीची जमीन असं जे जोडीनं बापाकडून मुलाकडे येई, ते वतन. पाटलाचं वतन होतं, कुलकर्ण्याचं होतं, तसं महाराचंही होतं. नाव एकच असलं तरी जगणं एक नव्हतं.

महाराच्या वतनात कामं किती असावीत? वेशीवर पहारा. चावडीवर हजेरी. रयतेला बोलावून आणणं. सारा गोळा झाला की तो तालुक्याला पोचवणं. अंमलदाराचा मुक्काम पडला की सरपण, पाणी, घोड्याची वैरण. गावात कोणी गेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा, मग पाऊस असो की अंधार. बांधाचं भांडण लागलं की हद्दीची साक्ष. आणि मेलेली जनावरं ओढणं. पाळीनं वेशीवर असेल तो येसकर. पाळी त्याची असली तरी हाक आली की घरातल्या कोणालाही उठावं लागे. बाप आजारी असेल तर मुलगा, तो नसेल तर बाई.

मोबदला तीन वाटांनी यायचा. एक, जमिनीचा तुकडा, ज्याला गावात हाडकी किंवा हाडोळा म्हणत. त्यावर पूर्ण शेतसारा नसे, थोडी कमी आकारणी असे, तिला जुडी म्हणत. दोन, बलुतं, म्हणजे सुगीत शेतकऱ्याच्या खळ्यावरून मिळणारा धान्याचा वाटा. तीन, किरकोळ हक्क: मेलेल्या जनावराचं कातडं, दारोदारची भाकर, सणावाराचं वाढप.

आजच्या शहरातली एखादी सोसायटी डोळ्यांपुढे आणा. वॉचमनला पगार देत नाहीत, जिन्याखालची खोली देतात. वर प्रत्येक फ्लॅटनं आपल्या मर्जीनं थोडे तांदूळ द्यायचे. काम काय ते कुठे लिहिलेलं नाही, जो जे सांगेल ते करायचं. वॉचमनला चार मुलगे झाले तर खोलीचे चार भाग पडतात, पण चौघांनीही वॉचमनच व्हायचं. आणि कोणी म्हणालं की मला हे काम नको, तर खोली जाते. अशी सोसायटी आज सापडली तर आपण पोलिसांत जाऊ. महार वतनाचा फरक एवढाच की इथे सोसायटीच्या बाजूनं कायदा उभा होता.

नोकर सरकारचा, पगार गावच्या खळ्यावरून

तो कायदा १८७४ चा. इंग्रज सरकारनं मुंबई प्रांतातल्या वंशपरंपरागत हुद्द्यांसाठी तो केला. लोक त्याला वतन कायदा म्हणत. जे रूढीनं चाललं होतं त्याला या कायद्यानं छापील रूप दिलं: कोण वतनदार, त्यानं सेवा कशी द्यायची, नाही दिली तर काय. गावकामगारांत वरिष्ठ आणि कनिष्ठ अशी फोड केली. महार कनिष्ठात. कनिष्ठांतही सरकारच्या उपयोगाचे आणि गावाच्या उपयोगाचे असे भेद होते.

सगळी मेख इथे आहे. महार हा सरकारच्या उपयोगाचा नोकर धरला गेला. हुकूम सरकारचा, शिक्षा सरकारची. त्याच्या पोटाचा मोठा भाग मात्र शेतकऱ्यांच्या खळ्यावरून यायचा. म्हणजे सरकारला नोकर जवळजवळ फुकट मिळाला आणि त्याला उपाशी ठेवायची किल्ली गावाकडे राहिली. सरकारी कामात चुकला तर तहसील कचेरी दंड करणार, आणि गावाला न आवडणारं काही केलं तर गाव बलुतं बंद करणार. पोराला शाळेत घालणं, घोंगडीऐवजी कोट घालणं, मेलेलं जनावर ओढायला नकार देणं, यांतलं काहीही गावाला न आवडणारं ठरू शकत होतं.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या वेळी तिथे भरलेल्या परिषदेनंतर मेलेली जनावरं ओढायची नाहीत, ते मांस खायचं नाही, असं महारवाड्यांतून ठरू लागलं. गावांनी लगेच उत्तर दिलं. बलुतं बंद, दुकान बंद, शेतातली मजुरी बंद, वाट बंद. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला सरकारनं १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. तिच्या १९३० च्या अहवालात या बहिष्काराची सविस्तर नोंद आहे. मारहाणीविरुद्ध फिर्याद करता येते. धान्य दिलं नाही, काम दिलं नाही, याविरुद्ध फिर्याद कुठे करणार?

मसूरचं स्टेशन आणि बडोद्यातला मुक्काम

बाबासाहेबांच्या लहानपणीचे प्रसंग आपण शाळेत वाचतो, डोळे पुसतो आणि पान उलटतो. मला ते प्रसंग जरा वेगळ्या कारणासाठी बघावेसे वाटतात.

१९०१ मध्ये, दहा वर्षांचे असताना, ते भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. वडिलांना पत्र मिळालंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणी आलं नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि तो बाजूनं चालणार या अटीवर. बरोबर डबा होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. साताऱ्याच्या शाळेत बसायला स्वतःचं तरट न्यायचं आणि शिपायानं नळ सोडला तरच पाणी प्यायचं. पुढे कोलंबियाहून आणि लंडनहून शिकून आल्यावर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात नाव लपवून राहिले, आणि काठ्या घेतलेल्या लोकांनी अकराव्या दिवशी बाहेर काढलं.

यात कायदा कोणी मोडला? मसूरच्या गाडीवाल्यानं नाही. साताऱ्याच्या शिपायानं नाही. बडोद्यात धमकावणं सोडलं तर जागा नाकारणारेही कायद्याच्या दृष्टीनं निर्दोष. या ठिकाणी कायदा गप्प होता. वतनाच्या बाबतीत तो गप्प नव्हता, त्याच्याच हातात दोर होता.

माझ्या मते, सोसलेल्या माणसाचा आमदार होणं म्हणजे हा फरक ओळखता येणं. जिथे कायदा गप्प आहे तिथे त्याला बोलायला लावायचं आणि जिथे तोच बांधतो आहे तिथे नेमकं कलम शोधून ते कापायचं. नुसतं दुःख ऐकवणारे सभासद प्रत्येक सभागृहात असतात. त्यांची भाषणं वर्तमानपत्रात येतात आणि कामकाज पुढे सरकतं.

पहिल्या प्रकारचं उदाहरण बाबासाहेबांच्या आधीच घडलं होतं. भंडारी समाजातले सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला: सरकारी खर्चानं बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची, शाळेची, दवाखान्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केलं. कागदावर. सभागृहाचा ठराव ही सरकारला केलेली शिफारस असते, तो मोडला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. तीन वर्षं त्या तळ्यावर कोणी गेलं नाही, आणि गेले तेव्हा डोकी फुटली. कागदी ठरावात जीव यायला रस्त्यावर माणसं लागतात, आणि रस्त्यावरच्या माणसांना टिकायला कागद लागतो. त्या तळ्यावरून पुढची दहा वर्षं खटला चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल लागला.

कौन्सिलात पहिल्यापासून आकडे

फेब्रुवारी १९२७ मध्ये बाबासाहेब कौन्सिलात आले ते निवडून नव्हे, सरकारनं नेमून. त्यांच्याबरोबर डॉ. पी. जी. सोळंकी होते. अस्पृश्यांचे असे दोनच सभासद. बहुतेकांना मतदानाचाही अधिकार नव्हता, कारण तेव्हा मत मालमत्तेवर आणि शेतसाऱ्यावर मिळायचं.

कौन्सिलातली त्यांची पहिल्या महिन्यातली भाषणं काढून वाचली तर नवल वाटतं. टाळ्या घेणारं वाक्य शोधून सापडत नाही. अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी विचारलं की आयकर एका मर्यादेवरच्या उत्पन्नावरच लागतो, मग शेतसारा एक एकरवाल्यालाही कसा काय भरावा लागतो? शिक्षणावर बोलताना हिशेब मांडला: सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून जास्त कमावतं. अर्थशास्त्राची पदवी अशी वापरणारे सभासद तेव्हा फार नव्हते. आजही फार नाहीत, पण ते असो.

१९२८ चं विधेयक: चार साध्या गोष्टी

मार्च १९२८ मध्ये त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. सरकारनं नव्हे तर एकट्या सभासदानं मांडलेल्या विधेयकाला आपण आज अशासकीय विधेयक म्हणतो. अशी विधेयकं तेव्हाही सहसा बारगळायची.

त्यातल्या तरतुदींचं सार सोपं होतं. वतनाच्या जमिनीच्या मानानं काम आणि मोबदला यांचा मेळ बसावा, मोबदला पुरेसा असावा. वतनदारानं नेमकं काय काम करायचं ते नियमांत लिहावं. बलुतं शेतकऱ्यानं खळ्यावर हातात द्यायचं ते बंद होऊन त्याऐवजी रोख पट्टी बसावी, ती सरकारनं साऱ्याबरोबर वसूल करावी आणि वतनदाराला द्यावी. आणि ज्याला वतन नको असेल त्याला ते सोडता यावं: सेवा संपली, जमीन मात्र त्याच्याकडेच राहील, फक्त जुडीऐवजी पूर्ण सारा भरायचा.

शेवटच्या तरतुदीत गैर काहीच नव्हतं. कुलकर्णी वतनांच्या बाबतीत सरकारनं ही वाट आधीच मोकळी केली होती, आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी येत होते. कुलकर्ण्याला जमीन ठेवून चाकरी सोडता येते, तर महाराला का नाही? या प्रश्नाला सरकारी बाकांकडे खरं उत्तर एकच होतं: स्वस्त पडतं म्हणून. हजारो गावांत पगारी शिपाई नेमायचे तर तिजोरीला भोक पडलं असतं.

बलुत्याऐवजी पट्टी ही तरतूद वरवर रुक्ष वाटते, पण बहिष्काराचं हत्यार बोथट करणारी तीच होती. धान्याचा वाटा खळ्यावर अडवता येतो. साऱ्याबरोबर तलाठ्याकडे भरलेली पट्टी अडवता येत नाही. महारानं कोट घातला म्हणून त्याचा पगार थांबवायचा तर आता मामलेदाराकडे जायला हवं होतं. नेमक्या याच तरतुदीवर कौन्सिलात विरोध झाला. शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या सभासदांना ती रयतेवरची नवी पट्टी वाटली. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वाईट सुगीत शेतकरी धान्य कमी द्यायचा, रोख पट्टीत ती सवलत नव्हती.

विधेयक निवड समितीकडे गेलं, तिथे त्याची धार गेली, आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतलं.

‘पण वतन हा तर मान होता!’

ही हरकत त्या काळी कौन्सिलातून जितकी आली त्याहून जास्त महारवाड्यातून आली, हे आपण विसरतो. वतन म्हणजे गावावरचा हक्क. पाटलाच्या वतनाइतकंच जुनं, पंचांच्या साक्षीतलं, पोळ्याच्या नि होळीच्या मानापानातलं. ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याला पणजोबाची हाडकी म्हणजे केवढी गोष्ट! ती सोडा म्हणणारा आपला की परका?

बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ या आपल्या पत्रातून वतनावर लिहिलं ते मुख्यतः आपल्याच माणसांना समजावण्यासाठी. जमिनीचे तुकडे पिढ्यागणिक इतके झाले होते की एखाद्याच्या वाट्याला गुंठे यायचे आणि चाकरी मात्र पूर्ण. काही जिल्ह्यांत सरकारी मोबदला महिन्याकाठी जेमतेम काही आणे पडायचा. तेवढ्यासाठी घरातला तरुण मुलगा गाव सोडून गिरणीत जाऊ शकत नव्हता, कारण पाळी चुकली की वतन धोक्यात. त्यांचा मुद्दा असा होता की आपण वतन धरलेलं नाही, वतनानं आपल्याला धरलं आहे. तरी त्यांनी ‘जमीन टाकून द्या’ असं कधी म्हटलं नाही. चाकरी जाऊ दे, जमीन राहू दे, हीच मागणी.

म्हणूनच पुढे सरकारनं वतनी जमिनींवरची आकारणी वाढवायचं ठरवलं तेव्हा हेच बाबासाहेब विरोधात उभे राहिले. १९३९ मध्ये हरेगावला आणि १९४१ मध्ये सिन्नरला वतनदारांच्या परिषदा झाल्या. वतन मोडायला निघालेला माणूस वतनदारांच्या बाजूनं कसा, असं कोणाला वाटलं तर वॉचमनचं उदाहरण आठवा: चाकरीतून सुटका मागणं वेगळं, आणि चाकरी तशीच ठेवून खोलीचं भाडं वाढवणं वेगळं.

‘आपल्या जातीपुरतंच बघितलं’

हा आक्षेप तेव्हाही होता, आजही कुठल्याही चर्चेत तिसऱ्या मिनिटाला येतो. जुलै १९२८ मध्ये गिरण्यांतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देणारं विधेयक कौन्सिलात आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात देशाचंच हित आहे, हा त्यांचा मुद्दा. मुंबईचा तो कायदा १९२९ मध्ये झाला. गिरणीतल्या त्या बाया सगळ्या जातींच्या होत्या.

पण खरं उत्तर खोतीत आहे. कोकणात, म्हणजे रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) आणि ठाण्याच्या काही भागात, सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत असायचा. तो गावाचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा, अनेक ठिकाणी निम्मा. वर वेठ, म्हणजे खोताच्या शेतावर फुकट राबणं. काही भागांत आठ दिवसांतला एक दिवस. ही कुळं कोण? कुणबी, आगरी, महार, सगळेच. अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं १९३३ मध्ये जमीन कसायचंच बंद केलं आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. जगात इतका लांबलेला शेतकरी संप क्वचितच झाला असेल.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, या खोतीच्याच मुलखातलं. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ अस्पृश्यांसाठी राखीव होत्या. पक्षानं १७ जागा लढवल्या आणि बहुतेक जिंकल्या. निवडून आलेल्यांत श्यामराव परुळेकर, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस असे सवर्ण सभासदही होते. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. वतनाचं विधेयकही त्यांनी त्याच वर्षी पुन्हा आणलं.

१० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी शिष्टमंडळाला भेट दिली, ऐकून घेतलं. विधेयक तसंच पडून राहिलं. १९३९ च्या शेवटी युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि विधानसभेचं कामच थांबलं.

‘एकही विधेयक पास झालं नाही, मग मिळवलं काय?’

आजही एखाद्या आमदाराचं प्रगतिपुस्तक काढताना किती विधेयकं मंजूर झाली ते मोजतात. त्या मोजणीत बाबासाहेबांना भोपळाच मिळेल. पण विधेयक मांडलं की सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं, निवड समिती साक्षी घेते, आकडे छापले जातात. वतनाला लोक गावची प्रथा म्हणत होते. १९२८ नंतर ती प्रथा आहे असं म्हणायची सोय उरली नाही, कारण तिचा मोबदला, तिची सक्ती आणि तिचं कलम सभागृहाच्या दफ्तरात नोंदलं गेलं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारनं कायदे केले तेव्हा पाटी कोरी नव्हती. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली, आणि अंमल १९५० पासून. कनिष्ठ गाव वतनं मोडणारा कायदा १९५८ चा, आणि तो लागू झाला १ ऑगस्ट १९५९ ला. बाबासाहेब डिसेंबर १९५६ मध्ये गेले होते.

त्यात उशीर किती झाला तेही दिसतं. १९२८ ते १९५९ म्हणजे वेशीवर उभी राहिलेली आणखी एक पूर्ण पिढी. सरकारं बदलली, पण फुकट नोकराचा मोह सगळ्यांनाच होता, हे मान्य करायला हरकत नसावी.

१९५९ नंतर: सातबाऱ्यावरची ती अट

आता मुंढव्याकडे वळू. १९५८ च्या कायद्यानं महार, रामोशी अशा कनिष्ठ वतनदारांची चाकरी संपली. जमीन आधी सरकारजमा झाली आणि मग वतनदाराला परत देण्याची सोय झाली. त्यासाठी शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरायची होती. याला पुनर्प्रदान म्हणतात, म्हणजे तीच जमीन नव्यानं देणं. ती ‘नवीन व अविभाज्य शर्तीनं’ मिळाली: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकायची नाही, तुकडे पाडायचे नाहीत. महसूल दफ्तरात या जमिनी इनाम वर्ग ६-ब म्हणून येतात, आणि सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ अशी नोंद असते. वर्ग-१ म्हणजे मालक मुखत्यार. वर्ग-२ म्हणजे मालकी आहे, पण सरकारची अट मानेवर.

ज्यांनी मुदतीत पैसे भरले नाहीत त्यांची जमीन सरकारच्याच नावावर राहिली. सारा तिप्पट म्हणजे रक्कम मोठी नव्हती. पण नोटीस कोणाला वाचता येत होती? तलाठ्यानं ती कोणाला वाचून दाखवली? अनेक गावांत भाऊबंद मुंबईला गिरणीत गेले होते, वाटण्या झालेल्या नव्हत्या, आणि पैसे कोणी भरायचे यावरच घोडं अडलं. शहराजवळच्या अशा जमिनींना सोन्याचा भाव आल्यावर दोन पिढ्यांनी जो गुंता वर येतो, त्याचं मूळ बरेचदा या न भरलेल्या रकमेत असतं.

‘स्वतःची जमीन विकायला परवानगी कशाला?’

हा आक्षेप वतनदारांचे वारसच घेतात आणि तो ऐकायला हवा. पाटलाचा नातू जमीन विकून मुलीला परदेशात शिकायला पाठवू शकतो. महार वतनदाराच्या नातवाला मात्र कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि बिगरशेतीसाठी विकायची तर बाजारभावाचा मोठा हिस्सा नजराणा म्हणून सरकारात भरावा लागतो. ज्या जमिनीसाठी पणजोबानं आयुष्यभर रात्री जागून काढल्या तिच्यावर सरकारचा वाटा कसला, असं तो विचारतो. ही सवलतीची जमीन नव्हती. चाकरीचा पगार होता, तोही तुटपुंजा.

अटीची बाजूही हलकी नाही. १९५९ मध्ये अट नसती तर सावकारांनी आणि गावातल्या बड्यांनी या जमिनी दोन-चार वर्षांत कवडीमोलानं लिहून घेतल्या असत्या. अट असूनही कितीतरी जमिनी कुलमुखत्यारपत्रांवर आणि विसार पावत्यांवर गेल्याच. म्हणजे अट गरिबाला अडवते आणि ओळखी असलेल्याला अडवत नाही, ही खरी तक्रार आहे. मला स्वतःला वाटतं की संरक्षण राहावं पण नजराण्याचा बोजा वारसावर नसावा, तो खरेदीदारानं उचलावा. यावर मतभेद असू शकतात. बाबासाहेबांची मागणी मात्र स्पष्ट होती: पूर्ण सारा घ्या आणि माणसाला मोकळं करा. नजराणा त्यांच्या विधेयकात कुठे नव्हता.

तोवर, कोणी अशी जमीन स्वस्तात घेऊन देतो म्हणाला तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग कोणता ते आधी बघा. ‘इतर हक्क’ या रकान्यात नवीन शर्त लिहिली आहे का ते वाचा. पुनर्प्रदानाचा आदेश मागा, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ती जुन्या फेरफारांशी, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींशी, ताडून पाहा, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी खरेदीखताच्या आधीच्या तारखेची आहे का ते तपासा. आणि तुम्ही स्वतः वतनदाराचे वारस असाल, तर तहसील कार्यालयातून गाव नमुना १-क आणि जुने फेरफार यांच्या नकला अर्ज करून काढून घ्या. तुमच्या गावची कोणती जमीन या वर्गात धरली आहे, हे तिथे कळतं.